लोकलमध्ये कोणतं घालायचं: आयडब्ल्यूसी मार्क २० की सिटिझनचं सोलर?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. रोज डोंबिवलीहून कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बीकेसीत ऑफिस. बढती मिळाली आहे, पैसे साठले आहेत आणि बरीच वर्षं मनात आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं मार्क २० हे पायलट घड्याळ आहे. त्याची किंमत आज पाच लाखांच्या वर जाते. बायकोचं म्हणणं, सिटिझनचं उजेडावर चालणारं, म्हणजे सोलर, सैनिकी धाटणीचं फील्ड घड्याळ पंधरा हजारांच्या आसपास येतं. तेही काळ्या डायलचं, ठळक आकड्यांचं, आणि वेळ तीच दाखवतं. मग वरचे पैसे कशाचे? शिवाय वडिलांचं बंद पडलेलं एचएमटी पायलट कपाटात आहे, त्याचं काय करायचं हेही तुम्हाला हवं आहे.

मी घड्याळं दुरुस्त करतो. माझी उमेदीची सगळी वर्षं या दोन्ही प्रकारची मशीनं उघडण्यात गेली, त्यामुळे झाकण काढल्यावर आत काय दिसतं त्यावरून सांगतो. आधी निकाल. रोजच्या प्रवासाला सोलर घ्या, आणि ते आत्ताच घ्या. मार्क २० घ्यायची इच्छा खरी असेल तर तेही जरूर घ्या, पण सोलरच्या जागी नको, सोलरच्या जोडीला. आणि घेण्याआधी पुढच्या तीस वर्षांच्या सर्व्हिसचा खर्च मनाला पटवून घ्या. तो पटत नसेल, तर ते घड्याळ कितीही आवडलं तरी घेऊ नका.

वेळेचा मुद्दा पहिल्यांदा मिटवतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. सोलर घड्याळ आतून क्वार्ट्झच असतं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा पुढे सरकतो. सिटिझनच्या या साध्या सोलर घड्याळांची चूक महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास धरलेली असते. मार्क २० सारखं उत्तम यांत्रिक घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद पुढे गेलं तर मी ते ‘छान चालतंय’ म्हणून परत देतो. महिन्याचे ते झाले दोन-अडीच मिनिटं. बायकोचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर आहे. किंबहुना तिनं स्वस्त घड्याळाची बाजू थोडी कमीच मांडली.

पण हीच गोष्ट उलट बाजूनंही बघा. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात पाचची चूक म्हणजे ०.००६ टक्के. ही अचूकता एक पोलादी स्प्रिंग, काही दातेरी चाकं आणि केसाएवढ्या जाडीच्या स्प्रिंगवर (हेअरस्प्रिंगवर) झुलणारा बॅलन्स नावाचा चाकाचा लोलक यांच्या जोरावर मिळते. मनगट हलतंय, उन्हात तापतंय, एसीत गार होतंय, आणि तरीही बॅलन्स तासाला २८,८०० ठोके देत राहतो. वर्षाचे साधारण पंचवीस कोटी होतात. मला आजही घड्याळाची चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर अशा घड्याळाची सरळ रेघ उमटताना पाहिली की बरं वाटतं. हे कौतुक खरं आहे, आणि त्याचे पैसे मोजणाऱ्या माणसाला मी कधीच वेड्यात काढणार नाही.

आता पायलट घड्याळ असं का दिसतं, ते समजून घ्या, म्हणजे आपण पैसे कशाचे देतो हे कळेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, त्या काळात विमानात दिशा, वेग आणि वेळ या तीन गोष्टींवरून आपण कुठे आहोत ते काढावं लागे. लांबच्या उड्डाणात ताऱ्यांवरून स्थान काढायचं झालं तर वेळेची किंमत आणखी वाढते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर तुमचं स्थान एक सागरी मैलानं चुकतं. म्हणून काळ्या डायलवर पांढरे मोठे आकडे, बारावर त्रिकोण आणि त्याच्या बाजूला दोन ठिपके, जेणेकरून अंधारात घड्याळ वाकडं धरलं तरी वरची बाजू कोणती ते क्षणात कळावं. हातमोजे घालून फिरवता यावी म्हणून मोठी चावी. १९४० साली आयडब्ल्यूसीनं बनवलेलं मोठं पायलट घड्याळ तर ५५ मिलिमीटर व्यासाचं होतं. १९४८ पासून त्यांनी ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्ससाठी मार्क ११ बनवलं. त्यात मशीनभोवती मऊ लोखंडाचं आतलं कवच होतं, कारण विमानातल्या उपकरणांच्या चुंबकीय क्षेत्रानं हेअरस्प्रिंग बिघडे. शिवाय चावी ओढली की सेकंदकाटा थांबे, म्हणजे सगळ्या चमूला घड्याळं एका सेकंदावर जुळवता येत. आजचं मार्क २० त्याच ओळीतलं आहे, २०२२ साली आलेलं.

फील्ड घड्याळाची कुळकथाही तितकीच जुनी आहे, आणि त्यात एक गंमतीचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यानं पायदळासाठी एकच नमुना ठरवून बारा स्विस कंपन्यांकडून घड्याळं करून घेतली: काळी डायल, ठळक आकडे, खाली छोटा सेकंदकाटा, पाणी न शिरणारी केस, म्हणजे बाहेरचं धातूचं घर. त्या बारांत ओमेगा होती, लाँजिन होती, आणि आयडब्ल्यूसीही होती. म्हणजे तुम्ही ज्या दोन घड्याळांमध्ये अडकला आहात, त्यांचे पूर्वज एकाच कारखान्यातून बाहेर पडलेले आहेत. चिखलात पडलं तरी वेळ वाचता आली पाहिजे आणि हरवलं तरी नवं देता आलं पाहिजे, हा फील्ड घड्याळाचा मूळ हिशोब. तो हिशोब आज पाच लाखांचं घड्याळ पाळू शकत नाही. पंधरा हजारांचं पाळतं.

आता मुंबईकडे येतो, कारण खरा निर्णय इथे होतो.

या शहरात घड्याळाचा शत्रू धक्का नाही, ओल आहे. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की मागच्या झाकणाखालची रबराची रिंग जरा सैल झाली की काचेच्या आतून धुकं धरतं. नंतर डायलवर ठिपके येतात, काट्यांच्या मुळाशी गंज दिसतो. आणि माझ्याकडे येणाऱ्या भिजलेल्या घड्याळांपैकी कितीतरी पावसामुळे भिजलेली नसतात, आधी कुणीतरी ती उघडलेली असतात म्हणून भिजलेली असतात. साध्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेल दोन-तीन वर्षांनी संपतो. घाईत असलेला माणूस स्टेशनबाहेरच्या टपरीवर थांबतो. पाच मिनिटांत झाकण निघतं, सेल बदलतो, झाकण दाबून बसवलं जातं. जुनी रिंग चेपलेली असते, तिला ग्रीस लावलेलं नसतं, एखादा केस किंवा धुळीचा कण तिच्याखाली राहतो. घड्याळ सुरू झालं म्हणून माणूस खूश होऊन गाडी पकडतो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत. त्याला वाटतं कंपनीनं ‘वॉटर रेझिस्टंट’ खोटं लिहिलं होतं. खोटं नव्हतं, ते झाकण उघडलं त्या दिवशी संपलं होतं.

सोलर घड्याळाचा मुंबईतला सगळ्यात मोठा गुण हाच आहे, आणि जाहिरातीत तो कुणी सांगत नाही: ते वर्षानुवर्षं उघडावंच लागत नाही. कारखान्यात बसवलेली रिंग जागची हलत नाही. संपलेला सेल आत विसरून राहिला, फुटला आणि त्यातल्या क्षारानं मशीन खाऊन टाकलं, हा प्रकारही होत नाही. अशी खाल्लेली मशीनं मी इतकी पाहिली आहेत की केवळ एवढ्या कारणासाठी मी लोकलनं फिरणाऱ्या माणसाला साध्या क्वार्ट्झऐवजी सोलर घ्यायला सांगतो.

उजेडाबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. पावसाळ्यात ऊनच नाही, मग चालेल कसं? सिटिझननं उजेडावर चालणारं काट्यांचं घड्याळ १९७६ साली बाजारात आणलं, तेव्हा सौरपट्ट्या डायलवर उघड्या दिसत. आज त्या डायलच्या खाली असतात, डायल किंचित पारदर्शक असते आणि तिच्यातून झिरपणारा उजेड पुरतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर ऑफिसच्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो. भर पावसाळ्यातही स्टेशनपर्यंत चालत जाण्याइतका वेळ घड्याळ बाहीच्या बाहेर राहिलं तरी त्या दिवसाची सोय होते. नुसत्या ट्यूबलाइटखाली तेच काम व्हायला काही तास लागतात, पण ऑफिसात तुम्ही तेवढे तास बसताच. पूर्ण भरलेलं असलं की हे मॉडेल अंधारातही साधारण सहा महिने चालतं. चार्ज कमी झाला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. तो बिघाड नाही, ‘मला उजेडात ठेव’ एवढंच तो सांगतो. खिडकीत ठेवा, पण गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा तापलेल्या पत्र्यावर नको. उजेड हवा, भाजणं नको.

नुकसान होतं ते कपाटात. हे घड्याळ डब्यात घालून वर्ष-दीड वर्ष विसरलात तर आतला रिचार्ज होणारा सेल पार तळाला जातो आणि कधीकधी पुन्हा नीट उठत नाही. नियमित वापरात मात्र तो सहज दहा-पंधरा वर्षं आणि बरेचदा त्याहून जास्त काढतो. बदलायची वेळ आली तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: त्या जागी त्याच जातीचाच सेल बसला पाहिजे. आकार जुळतो म्हणून साधा सेल बसवणारे महाभाग आहेत. साधा सेल चार्ज व्हायला बनलेला नसतो. सौरपट्टी त्याला चार्ज करत राहते आणि तो गळतो, प्रसंगी फुटतो. हे काम टपरीवर देऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ओळखीच्या जाणकाराला द्या.

सोलरच्या उणिवाही सांगतो. डायल उजेड पिणारी असल्यामुळे तिचा काळा रंग कधीच पूर्ण काळा नसतो. कडक उन्हात तो तपकिरी, कधी जांभळट दिसतो. सेकंदकाटा खुणेवर बरोबर पडेलच असं नाही, कारण स्वस्त मशीनमध्ये चाकांच्या दात्यांत थोडी ढील असते. चोखंदळ माणसाला ते रोज खुपतं. या मॉडेलवर साधी मिनरल काच येते. ती लोकलच्या दांड्याला, जिन्याच्या कठड्याला घासून वर्ष-दोन वर्षांत चरे धरते. मार्क २० वर सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची काच असते, आतून-बाहेरून चकाकी कमी करणारा लेप असलेली, आणि विमानातला हवेचा दाब अचानक उतरला तरी जागची हलणार नाही अशी बसवलेली. सफायरला चरा पाडणं रोजच्या आयुष्यात जवळपास अशक्य. मात्र ती कडक म्हणून ठिसूळही असते, फुटली तर तिचे कण थेट मशीनमध्ये जातात आणि पूर्ण सर्व्हिसच करावी लागते. मिनरल काच बदलायला काहीशे रुपये ते हजार-दीड हजार. सफायरचं, तेही कंपनीच्याच, बिल तुम्ही बसून वाचावं असं असतं.

लोहचुंबकाचं बोलायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे ‘अचानक पुढे पळायला लागलं’ म्हणून येणारी यांत्रिक घड्याळं वाढली आहेत. मोबाइलच्या कव्हरची चुंबकी झडप, पर्सचं बटण, टॅबलेटचं झाकण, ब्लूटूथ स्पीकर. घड्याळ रात्री त्यावर टेकवून ठेवलं की हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू लागतात आणि घड्याळ दिवसाला मिनिटंच्या मिनिटं पुढे जातं. उपाय सोपा आहे, डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, काही सेकंदांचं काम, चांगला कारागीर त्याचे नाममात्र पैसे घेतो. तेव्हा असं झालं तर लगेच ‘सर्व्हिस करा’ म्हणणाऱ्याला आधी चुंबक तपासायला सांगा. सोलर घड्याळ अशा चुंबकापाशी ठेवलं तर तेवढ्यापुरतं थांबतं किंवा चुकतं. बाजूला घेतलं की पुन्हा नीट चालतं, फक्त वेळ लावून घ्यावी लागते.

आता पाच लाखांचं काय मिळतं? माझ्या मते तीन गोष्टी मिळतात. एक, जडणघडण. काट्याची कड, आकड्यांची छपाई, केसवरचा घासलेला आणि चकचकीत भाग जिथे मिळतो ती रेघ, हे भिंग लावून बघितलं की पंधरा हजार आणि पाच लाख यांच्यातलं अंतर स्वच्छ दिसतं. नुसत्या डोळ्यांनाही जाणवतं, पण भिंगाखाली ते नाकारताच येत नाही. दोन, मशीन. मार्क २० पूर्ण चावी दिल्यावर १२० तास, म्हणजे पाच दिवस चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालू सापडतं. याआधीच्या मार्क १८ चं ४२ तासांत थांबे, रविवारी दुपारपर्यंत झोपलेलं असे. पाणीरोधकताही ६० मीटरवरून १०० वर आली. दर बाबतीत हे सुधारलेलं घड्याळ आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: यांत्रिक घड्याळ पुन्हा उभं करता येतं. त्यातला प्रत्येक भाग सुटा आहे. झिजलेला आस बदलता येतो, तुटलेली मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळाला जोर देणारी मुख्य स्प्रिंग, बदलता येते, आणि अगदी भाग मिळेनासा झाला तर लेथवर घडवता येतो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची घड्याळं आजही माझ्या टेबलावरून चालती होऊन जातात. सोलरचं तसं नाही. त्यात बिघाड झाला तर बहुतेक वेळा अख्खं मशीन बदलतात, आणि पंचवीस वर्षांनी ते मशीन बनत असेलच असं कुणी लिहून देणार नाही. सर्किट लेथवर घडवता येत नाही.

पण इथेच एक अट येते, आणि ती शोरूममध्ये सांगत नाहीत. ‘पुन्हा उभं करता येतं’ हे खरं ठरायला दोन गोष्टी लागतात, कारागीर आणि सुटे भाग. मोठ्या स्विस कंपन्यांनी स्वतंत्र कारागिरांना भाग देणं जवळजवळ बंद केलं आहे. मार्क २० चं मशीन त्यांच्याच समूहातलं आहे. त्याचे भाग माझ्यासारख्याला मिळणार नाहीत, ते कंपनीकडेच जाणार. सहा-सात वर्षांनी तेल सुकतं, तेव्हा पूर्ण सर्व्हिस हवी. ‘चालतंय ना, मग कशाला उघडायचं’ म्हणून टाळलं तर कोरड्या आसांवर चाकं फिरत राहतात आणि तेलाच्या जागी धातू झिजतो. अशा घड्याळाच्या एका पूर्ण सर्व्हिसला पन्नास हजारांच्या आसपास किंवा वर लागतील असं धरून चाला. तीस वर्षांत चार-पाच वेळा. म्हणजे आजच्या भावानं दोन-अडीच लाख. जुन्या वाड्यासारखं आहे हे: घेताना लागतात त्याहून राखताना लागणारे पैसे माणसाची परीक्षा बघतात.

या कारणासाठी मी तुम्हाला तिसराही रस्ता सुचवतो. चांगल्या स्थितीतलं, कागदपत्रांसकट वापरलेलं मार्क १८. शेवटच्या काळात त्यात जे मशीन येई, ते सेलिटा या मशीन बनवणाऱ्या स्विस कंपनीच्या मशीनवर बेतलेलं आहे. त्या जातीची मशीनं बाजारातल्या अनेक घड्याळांत असल्यामुळे ती ओळखणारे आणि नीट दुरुस्त करणारे स्वतंत्र कारागीर आहेत. लोक त्याला ‘बाहेरचं मशीन’ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या मशीनचे भाग मिळतात ते मशीन मालकाच्या बाजूचं असतं. चाळीस मिलिमीटरचीच केस, तेच रूप, मऊ लोखंडाचं कवचही आहे. फक्त आतून कुणी हात घातला आहे का ते विकत घेण्यापूर्वी उघडून दाखवायला सांगा. विकणारा तयार नसेल तर उठा.

वडिलांच्या एचएमटी पायलटचं. ते आधी दुरुस्त करून घ्या, मार्क २० घेण्याच्या आधी. एचएमटीनं १९६१ साली घड्याळं बनवायला सुरुवात केली ती जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं, म्हणजे बायको सांगते आहे त्या कंपनीचंच तंत्र तुमच्या कपाटात आहे. १७ ज्वेलचं (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचं), रोज चावी द्यायचं साधं मशीन, काळी डायल, मोठे आकडे. २०१६ साली सरकारनं कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तरी जुन्या मशीनमधून काढलेले भाग अजून मिळतात, आणि चांगला कारागीर ते हजार-दोन हजारांत साफ करून, तेल घालून चालू करतो. एकच विनवणी: डायल ‘नवी’ करून घेऊ नका. जगभरातले घड्याळशौकीन ज्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून टाळतात ती घड्याळं आपल्याच शहरात तयार होतात. जुनी डायल घासून तिच्यावर भलत्या रंगात, बटबटीत छपाई करतात आणि दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र करतात. आपल्या गावच्या कारागिरीचं नाव अशा कामावरून ओळखलं जावं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण इथेच अप्रतिम हात असलेली माणसंही बसलेली आहेत. तुमच्या वडिलांच्या डायलवर डाग पडले असतील तर ते राहू द्या. ते खरे आहेत. आणि दोन-तीन महिने ते घड्याळ रोज सकाळी चावी देऊन घाला. दिवसाला अर्धा-एक मिनिट चुकलं तर तुम्ही चिडता की आनंदानं जुळवून घेता, ते बघा. चिडत असाल तर मार्क २० तुमच्यासाठी नाही, हे तुम्हाला दोन हजारांत कळेल.

पैशाचं एवढंच सांगतो: हप्त्यांवर घेऊ नका, आणि ‘गुंतवणूक’ म्हणून तर मुळीच नको. पायलट घड्याळं शोरूममधून बाहेर पडली की खरेदीच्या बऱ्याच खाली विकली जातात. मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या मॉडेलांची कहाणी सगळ्यांना लागू होत नाही. हौस म्हणून घ्या, हौस हे पुरेसं आणि प्रामाणिक कारण आहे.

घेतलंच, तर मुंबईत ते कसं घालायचं तेही ऐका. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात काढून ठेवा. घामानं आणि ओलीनं तो एका मोसमात वास धरतो, आणि टाके सुटून पाच लाखांचं घड्याळ पुलावर पडतं. रबरी किंवा पोलादी पट्टा लावा. गरम पाण्याच्या अंघोळीत कुठलंच घड्याळ नको, १०० मीटर लिहिलेलं असलं तरी. वाफ आणि साबण रिंगेला पाण्यापेक्षा जास्त छळतात. दर वर्षी मे महिन्यात दाबाची चाचणी करून घ्या, दहा मिनिटांचं काम असतं. गर्दीच्या वेळी डब्यात चढताना हात दांड्यावर आपटतोच. आतल्या बॅलन्सच्या आसाचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं जाड असतं, त्याला धक्का सोसणारी बैठक असली तरी रोज तिची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. म्हणून म्हटलं, सोम ते शुक्र सोलर. मार्क २० सुट्टीच्या दिवशी, लग्नकार्यात, किंवा ज्या दिवशी टॅक्सीनं जाणार त्या दिवशी.

शोरूममध्ये गेलात की आधी मनगटावर चढवून हात खाली सोडा. मार्क २० ची केस चाळीस मिलिमीटरची असली तरी एका कानापासून (पट्टा अडकतो त्या टोकापासून) दुसऱ्या कानापर्यंत ते ४९ मिलिमीटरच्या वर जातं. मनगट बारीक असेल तर कडा बाहेर लोंबतात, आणि ते फोटोत कळत नाही. सिटिझनचं ३७ मिलिमीटरचं आहे, ते बहुतेक मनगटांवर बसतं. मग त्यांना विचारा की आज या मॉडेलच्या पूर्ण सर्व्हिसचा दर काय, किती आठवडे लागतात, आणि काम मुंबईत होतं की बाहेर पाठवतात. उत्तर ईमेलवर घ्या. आयडब्ल्यूसीची हमी नोंदणी केल्यावर दोन वर्षांवरून आठ वर्षांपर्यंत वाढते. ती नोंदणी दुकानात बसल्या-बसल्या करून घ्या, आणि पाणी शिरणं, आपटणं यात बसतं का ते वाचून घ्या. बिल पूर्ण रकमेचं, तुमच्या नावावर आणि घड्याळाच्या क्रमांकासह असू द्या. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतोच, आणि एवढी रक्कम रोखीनं घेणारा दुकानदार कायदा मोडतो आहे. ‘बिल नको, पन्नास हजार कमी करतो’ म्हणणाऱ्याकडचं घड्याळ अस्सल असलं तरी सहा वर्षांनी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्याचा क्रमांक तपासला जाईल, तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.